चावी काढली तरी इंजिन धडधडत राहतं – मारुती ८००, १९९६, कार्ब्युरेटर

घोडबंदर_८००, ठाणे

गाडी मारुती ८००, १९९६ची, एमएच-०४ पासिंग. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्ब्युरेटरवाली. एसी आहे, सीएनजी किट नाही. १,१२,००० किमी झालेत.

गाडी नीट तापलेली असली की चावी बंद केल्यावरही इंजिन पाच ते आठ सेकंद चालू राहतं. आवाज नेहमीचा नसतो. खडखड होते, हिसके बसतात, सगळी बॉडी हलते आणि शेवटी एक उलटा गचका बसून थांबतं. त्या गचक्याबरोबर कधीकधी एअर फिल्टरकडून फुस्स होऊन पेट्रोलचा वास येतो. सकाळी थंड गाडी चालू करून लगेच बंद केली तर एका क्षणात बंद होते. गायमुख ते माजिवडा ट्रॅफिकमधून आलं की मात्र हमखास. एसी लावलेला असेल तर जास्त.

दोन महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंग झालं. नवे प्लग (एनजीके बीपी५ईएस), एअर फिल्टर, कार्ब्युरेटर खोलून साफ, स्लो (एक्सिलरेटर न दाबता इंजिनाचा वेग) सेट. त्रास त्यानंतर वाढला. मल्टिमीटरच्या आरपीएम रेंजवर स्लो ८६० दिसतो, म्हणजे तो बरोबर असावा. टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर जात नाही. पिकअप थोडा मंद वाटतो.

हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) कार्बन साचलाय, हेड उतरवून डिकार्ब म्हणजे कार्बन साफ करावं लागेल, असं सांगण्यात आलंय. हेड उघडण्याआधी काय काय तपासावं आणि कोणत्या क्रमाने? पाने, फीलर गेज, टेस्टर बल्ब, मल्टिमीटर आहे. टायमिंग लाइट उसनी मिळेल.


खाडीवारा, वाशी

हेडला अजिबात हात लावू नका. कार्बन असेलही, इतक्या जुन्या इंजिनात तो असतोच. पण नुसत्या कार्बनने इंजिन चालत नाही, त्याला पेट्रोल मिळावं लागतं. चावी बंद केल्यावर ते कुठून मिळतंय, हे आधी शोधा.

होतं काय ते सांगतो. चावी बंद केली की स्पार्क गेला. पण इंजिन अजून फिरतंय, थ्रॉटल जरा उघडा आहे, आणि खाली व्हॅक्यूम असल्यामुळे कार्ब्युरेटरमधून मिश्रण ओढलं जातंय. वेग तीन-चारशे आरपीएमपर्यंत उतरला की प्रत्येक कॉम्प्रेशनला वेळ जास्त मिळतो. तेवढ्या वेळात लाल झालेलं प्लगचं टोक, एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कडा किंवा कार्बनचा खडा त्या मिश्रणाला पेटवतो. कधी पेटवायचं हे आता डेल्कोच्या (वेळेवर स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) हातात राहिलेलं नसतं. पिस्टन वर यायच्या बराच आधी पेटलं तर तो उलटा ढकलला जातो. तुमचा शेवटचा गचका तो. इंजिन उलटं फिरलं की जळका वायू आणि पेट्रोलची वाफ इनटेकमधून परत वर येते, म्हणून एअर फिल्टरकडून फुस्स आणि वास. यालाच डिझेलिंग म्हणतात.

हे तसंच चालू देऊ नका. उलट फिरताना टायमिंग बेल्टची ढिली बाजू बदलते, ऑइल पंप दाब देत नाही आणि माउंटिंगची रबरं मार खातात. दुरुस्ती होईपर्यंत गाडी अशी बंद करा: एसी बंद करून पंधरा-वीस सेकंद स्लोवर ठेवा, ब्रेक घट्ट दाबा, चौथा गिअर टाका, चावी बंद करा आणि त्याच क्षणी क्लच सोडा. इंजिन जागच्या जागी दबून बंद होईल.

आता पहिली तपासणी. चावी बंद केल्यावर इंजिन खडखडत चालतंय की गुळगुळीत, नेहमीसारखं? गुळगुळीत चालत असेल तर ते डिझेलिंगच नव्हे, स्पार्क चालू राहिलाय. चार्जिंगच्या दिव्यातून उलटा करंट येणं, चावीच्या स्विचमधला चिकटलेला कॉन्टॅक्ट, नाहीतर रेडिएटर फॅनची वायर इग्निशनवर जोडलेली असणं, अशी कारणं असतात. शेवटच्या प्रकारात फॅन थांबता थांबता डायनॅमोसारखं काम करतो आणि काही सेकंद लाइनला व्होल्टेज देत राहतो. तुमच्या वर्णनावरून हे वाटत नाही, तरी टेस्टर बल्ब कॉइलच्या प्लसला लावून बघा. चावी बंद होताच बल्ब विझला पाहिजे.

दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची. कार्ब्युरेटरच्या अंगावर एका वायरचा पितळी-पत्र्याचा छोटा दंडगोल स्क्रू केलेला दिसेल. तो फ्युएल कट-ऑफ सोलेनॉइड. चावी ऑन असताना तो आतली सुई मागे ओढून स्लोच्या पेट्रोलची वाट उघडतो. चावी बंद केली की स्प्रिंग सुईला पुढे ढकलते आणि वाट बंद होते. डिझेलिंग होऊ नये म्हणूनच तो दिलेला असतो. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा, वायर काढा आणि परत टेकवा. प्रत्येक वेळी स्पष्ट ‘टक’ ऐकू आलं पाहिजे, बोटालाही जाणवतं. मग गरम इंजिन स्लोवर चालू असताना वायर काढा. एक-दोन सेकंदांत इंजिन मेलं पाहिजे. नाही मेलं, तर तुमचं कारण ९० टक्के सापडलं.


प्लगपाना, नेरूळ

दोन गोष्टी.

प्लग. एनजीकेच्या नंबरात आकडा जितका लहान तितका प्लग गरम, म्हणजे टोकाची उष्णता तो हेडला सावकाश देतो. ८०० ला साधारणपणे ६ नंबर लागतो, तुमच्याकडे ५ नंबर बसलाय. एक पायरी गरम. ऑइल जाळणाऱ्या इंजिनात प्लग काळे पडू नयेत म्हणून काही जण ५ घालतात, पण डिझेलिंग होत असलेल्या गाडीत तो टोकाशी निखारा ठेवल्यासारखा आहे. बीपी६ईएस किंवा बीपीआर६ईएस घ्या (आर म्हणजे आत रेझिस्टर, रेडिओची खरखर कमी होते), गॅप ०.७ ते ०.८ मिमी. बॉश किंवा जुन्या मायकोचा प्लग घेणार असाल तर सावध राहा, तिथे आकडे उलटे चालतात. बॉशमध्ये आकडा मोठा तो प्लग गरम. एनजीके ६ च्या जवळचा बॉश ७ असतो, ८ नव्हे. काउंटरवर ‘एक नंबर वर द्या’ असं सांगून गोंधळ होतो तो इथेच.

आणि तुमचा स्लो ८६० नाही. मल्टिमीटरवर किती सिलिंडरचं सेटिंग आहे? या मीटरवर ४, ६, ८ एवढेच पर्याय असतात. ४ वर ठेवला असेल तर मीटर एका फेऱ्याला दोन स्पार्क धरतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात फेऱ्याला दीडच पडतो. म्हणून ४ वर वाचलेला आकडा गुणिले ४, भागिले ३. ८६० चे होतात जवळपास ११५०. ६ वर ठेवलात तर सोपं, जे दिसेल त्याची दुप्पट. स्लो ८५० ते ९५० च्या मध्ये हवा. ११५० ला थ्रॉटलची पट्टी इतकी उघडी असते की इंजिनाला चावीशिवाय चालायला पुरेशी हवा आणि पेट्रोल मिळतं.


घोडबंदर_८००, ठाणे

प्लगपाना, बरोबर पकडलंत. मीटर ४ वरच होता. ६ वर ठेवून बघितलं तर ५७५, म्हणजे ११५०.

खाडीवारा दादा, तपासून आलो. कॉइलचा बल्ब चावीबरोबर लगेच विझतो. सोलेनॉइडची ‘टक’ येतच नाही. स्लोवर वायर काढली तर इंजिनाला काही फरक पडत नाही, आवाजसुद्धा बदलत नाही. सोलेनॉइड खोलून बाहेर काढला तर समोरची सुई मुळाशी कापलेली आहे, कापल्याची खूण ताजी चकचकीत दिसते. वायरवर चावी ऑन असताना ७.८ व्होल्ट येतात. बॅटरीवर १२.५ आहेत.


खाडीवारा, वाशी

मग गोष्ट उलगडली. सुई का कापली तेही त्या ७.८ मध्येच आहे.

सोलेनॉइडला सुई ओढायला पुरेसं व्होल्टेज लागतं. एकदा ओढल्यावर धरून ठेवायला त्यापेक्षा बरंच कमी करंट पुरतो. ७.८ व्होल्टवर तो कधी ओढायचा, कधी नाही. नाही ओढला की स्लोची वाट बंद, सिग्नलला गाडी बंद पडणार. मूळ दोष न शोधता सुईच कापली की ही तक्रार मिटते, वाट कायमची उघडी राहते. आपल्याकडे हा जुगाड सर्रास होतो. त्याची किंमत अशी, की चावी बंद केल्यावर पेट्रोल अडवायला कोणी उरत नाही.

तेव्हा नवा सोलेनॉइड घालण्याआधी व्होल्टेज दुरुस्त करा, नाहीतर नवा भागही आठवड्यात ‘खराब’ ठरेल. वायर मागे मागे तपासत जा: कार्ब्युरेटरजवळचा कनेक्टर, मग फायरवॉलवरचा, मग फ्यूज. खाडीकाठच्या दमट हवेत तांब्याच्या टर्मिनलवर हिरवट बुरशीसारखा थर धरतो, वायरच्या प्लास्टिकखाली दोन-तीन सेंटिमीटर आतपर्यंत जातो. असा काळा-हिरवा झालेला तुकडा कापून टाका, नवीन टर्मिनल दाबून बसवा. फ्यूजचे पाय आणि त्याचे कंगोरे बारीक पॉलिश पेपरने घासा. मोजमाप सोलेनॉइड जोडलेला असताना घ्या. मोकळ्या वायरवर १२ दिसतात आणि भार टाकल्यावर पडतात, असंही होतं. बॅटरीपेक्षा अर्धा व्होल्ट कमी चालेल, त्याहून जास्त नको.

अर्थिंगही बघा. एका वायरचा सोलेनॉइड अर्थ घेतो तो कार्ब्युरेटरच्या अंगातून. पण कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये बेकेलाइटची जाड पॅकिंग असते, ती वीज जाऊ देत नाही. अर्थ येतो तो फक्त स्टड-नटमधून, आणि ते गंजलेले असले की झालं. चावी ऑन ठेवून मल्टिमीटरचा एक पाय कार्ब्युरेटरच्या अंगाला, दुसरा बॅटरीच्या मायनसला. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर एका नटाखालून इंजिन ब्लॉकपर्यंत वेगळी अर्थ वायर टाका.

भाग घेताना जुना कापलेला सोलेनॉइड बरोबर न्या. आटे, सुईची लांबी आणि टोकाचा आकार जुळला पाहिजे. ओम्नीचा आणि ८०० चा दिसायला सारखा असतो, पण सुई एक मिलिमीटर कमी-जास्त असली तरी वाट पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडी होत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने मिळतात. तिथून घेतलात तर दुकानातच बॅटरीवर जोडून ‘टक’ ऐका, आणि सुई बोटाने दाबून सोडा, ती झटकन बाहेर आली पाहिजे. बसवताना खालची वॉशर नवी, आटे हाताने बसवून मग पाना. अंग जस्ताच्या मिश्रधातूचं आहे, आटे गेले की पूर्ण कार्ब्युरेटर गेला.

एवढं झाल्यावरही स्लो ११५० ठेवून डिझेलिंग पूर्ण जाईलच असं नाही. थ्रॉटल फार उघडा असेल तर मेन नोझलमधूनही थोडं पेट्रोल ओढलं जातं, आणि सोलेनॉइड ते अडवत नाही. म्हणून स्लो खाली आणायचाच. पण स्क्रू सोडून नुसता खाली आणलात तर गाडी बंद पडेल. कोणीतरी तो ११५० वर नेलाय, त्याला कारण असणार.


प्लगपाना, नेरूळ

ते कारण बहुतेक टायमिंग, म्हणजे स्पार्क पडण्याची वेळ. पिकअप मंद आहे असं त्यांनी लिहिलंच आहे.

टायमिंग मागे असलं, म्हणजे स्पार्क उशिरा पडला, की तेवढ्याच थ्रॉटलवर इंजिन कमी वेगाने फिरतं. मग स्लोचा स्क्रू आत घेऊन वेग भरून काढला जातो. शिवाय मागे पडलेल्या टायमिंगमुळे जळणं उशिरापर्यंत चालतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतात. एका चुकीने आगही वाढते आणि पेट्रोलही.

डेल्कोचं कॅप काढा. आत पॉइंट (स्पार्कसाठी उघड-बंद होणारे कॉन्टॅक्ट) असतील तर आधी गॅप. क्रँक फिरवून पॉइंटची टाच कॅमच्या उंचवट्यावर आणा आणि फीलर गेजने मोजा, ०.४ ते ०.५ मिमी हवा. टाच झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतो, टायमिंग आपोआप मागे जातं. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी झाली असेल तर घासत बसू नका, बदला, कंडेन्सरही बदला. नव्या पॉइंटच्या टाचेला गव्हाच्या दाण्याएवढंच ग्रीस. जास्त लावलं तर उडून पॉइंटवर जातं आणि मिसिंग (मधूनच स्पार्क चुकणं) सुरू होतं. इलेक्ट्रॉनिक डेल्को असेल तर हा भाग सोडून द्या.

मग टायमिंग लाइट. पिकअप क्लिप एक नंबरच्या प्लग वायरला. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी (व्हॅक्यूमने टायमिंग पुढे नेणारी) डेल्कोवरून काढून तिचं तोंड बॉलपेनच्या मागच्या टोकाने बंद करा. मग खूण बघण्याआधी स्लो ९०० च्या खाली आणायचा प्रयत्न करा, सोबत कोणाला तरी एक्सिलरेटरवर बसवा. हे का? ११५० वर डेल्कोतली, वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी वजनं उघडायला लागलेली असू शकतात, मग टायमिंग आहे त्यापेक्षा पुढे दिसतं आणि तुम्ही ते उगीच अजून मागे नेता. कमी वेगावर खूण बघून बॉनेटच्या आतल्या स्टिकरवरच्या डिग्रीवर आणा. कानाने सेट केलेलं टायमिंग या कामात चालत नाही.

टायमिंग पुढे आलं की स्लो आपोआप चढेल. तो स्क्रू सोडून परत खाली आणा, परत टायमिंग बघा. दोन-तीन फेऱ्या होतात.


ठाणे_पूर्व_६८

जास्त ऑक्टेनचं प्रीमियम पेट्रोल टाकून बघा, दोन टाक्यांत फरक पडतो.


जेटनंबर, खारघर

प्रीमियम पेट्रोलवर पैसे घालवू नका. ८०० चा कॉम्प्रेशन रेशो ८.७ ला १ आहे, तो काही फार नाही. आणि आता पंपावर मिळणाऱ्या ई२० चं (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं) ऑक्टेन किमान ९५ आहे, जुन्या साध्या पेट्रोलच्या ९१ पेक्षा जास्तच. ऑक्टेन कमी पडत नाहीये.

ई२० चा खरा मुद्दा वेगळा आहे, आणि या गाडीला तो लागू पडतो. पेट्रोल पूर्ण जळायला एका किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की हा आकडा १३.५ च्या आसपास येतो. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे बघून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरला काही कळत नाही, त्याचं जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) जुन्या पेट्रोलसाठी कापलेलं. म्हणजे तीच गाडी आता साधारण सात-आठ टक्के पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) मिश्रणावर चालते. स्लोवर मिश्रण पातळ झालं की इंजिन थरथरतं, मग पुन्हा स्लोचा स्क्रू आत. तिथूनच सुरुवात होते.

टायमिंग आणि सोलेनॉइड झाल्यावर मिक्श्चर स्क्रू (स्लोचं मिश्रण ठरवणारा) असा सेट करा. इंजिन पूर्ण गरम, फॅन एकदा चालू होऊन बंद झालेला, एसी आणि हेडलाइट बंद. स्क्रू हलकेच आत बसवा, किती फेरे आहेत ते लिहून ठेवा आणि परत तेवढेच बाहेर काढा. घट्ट बसवू नका, सुईच्या टोकाला कंगोरा पडतो आणि मग कितीही सेट करा, स्थिर राहत नाही. आता पाव-पाव फेरा बाहेर काढत जा, प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबा. जिथे आरपीएम सर्वात जास्त होतो तिथे थांबा, आणि वाढलेला वेग थ्रॉटलच्या स्क्रूने ९०० वर आणा. परत मिक्श्चर, परत थ्रॉटल.

शेवटी पीयूसी सेंटरवर जाऊन स्लोवरचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मोजून घ्या. तुमच्या वयाच्या गाडीला मर्यादा सीओ ३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) १५०० पीपीएम. सीओ दीड ते दोनमध्ये आला तर उत्तम. अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर मिश्रण अजून पातळ आहे. एचसी जास्त आणि सीओ कमी, असं दिसलं तर मिश्रणाचा दोष नाही, कुठेतरी मिसिंग किंवा हवेची गळती आहे.

मेन जेट लगेच बदलू नका. रस्त्यावर चढाला दम कोंडतोय आणि प्लगचं पांढरं चिनीमातीचं नाक खडूसारखं कोरं दिसतंय, दोन्ही असेल तरच. या सोलेक्स जातीच्या कार्ब्युरेटरमध्ये जेटचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळावर वाढतं, म्हणून आठ टक्के भरून काढायला व्यास चारच टक्के वाढवायचा. समजा ९५ असेल तर ९७.५, फार तर १००. जेट ड्रिलने मोठं करणं बंद करा. त्याच्या तोंडाचा उतार बिघडतो आणि कोणताच नंबर खरा राहत नाही.

आणि ई२० वर चालवायचंच आहे तर पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतची रबरी नळी एकदा वाकवून बघा. बाहेरून चांगली दिसते, आतून फुगून मऊ झालेली असते, तिचे कण नीडल सीटवर (कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या जागेवर) अडकतात. एसएई जे३० आर९ छापलेली नळी मागा.


सीएनजी_ओम्नी, कोपरखैरणे

याच धाग्यात विचारते. माझ्या गाडीला व्हेंच्युरी मिक्सरचं (गॅस हवेत मिसळणाऱ्या भागाचं) सीएनजी किट आहे. चावी बंद केल्यावर दोन सेकंद चालते, पण गुळगुळीत. हेही हेच का?


खाडीवारा, वाशी

नाही ताई. रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) ते मिक्सर या नळीत जो गॅस उरतो तो एखाद-दोन सेकंद पुरतो. मात्र तीन-चार सेकंदांवर जात असेल किंवा दिवसागणिक वाढत असेल तर रिड्यूसरचा सोलेनॉइड नीट बसत नाहीये, आणि तो गळतीचा प्रश्न आहे. चावी बंद करून नळी मिक्सरवरून काढा, तोंडाला साबणाचा फेस लावा. बुडबुडा फुगत राहिला तर सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा आणि अधिकृत किट सेंटरला न्या, घरी उघडू नका. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) तीन वर्षांत झालीये का तेही त्याच फेरीत बघून घ्या.


घोडबंदर_८००, ठाणे

काम झालं, आकडे देतो.

फायरवॉलवरच्या कनेक्टरमध्ये एक टर्मिनल पूर्ण हिरवं होतं. वायर चार सेंटिमीटर कापून नवीन टर्मिनल घातलं, आता भारावर १२.१. कार्ब्युरेटरचा अर्थ ०.०५. सोलेनॉइड बदलला, ‘टक’ खणखणीत, स्लोवर वायर काढली की इंजिन लगेच मरतं. डेल्कोत पॉइंट होते, गॅप ०.२५ निघाला. नवे पॉइंट ०.४५ ला. टायमिंग स्टिकरपेक्षा ६ डिग्री मागे होतं, जागेवर आणलं. प्लग बीपी६ईएस. मिक्श्चर स्क्रू आधीपेक्षा पाऊण फेरा बाहेर. स्लो ९००, सीओ १.७, एचसी ४१०.

एसीशिवाय कितीही गरम गाडी आता चावीबरोबर बंद होते. एसी चालू ठेवून चावी बंद केली तर मात्र अजून एखादा हिसका बसतो. आणि कडक उन्हात उभी करून दहा मिनिटांनी चालू केली तर पहिल्या सेल्फला घेत नाही, पेट्रोलचा वास येतो.


प्लगपाना, नेरूळ

एसीसाठी आयडल-अपचा डायफ्राम बघा. एसी लावला की तो थ्रॉटलचा लिव्हर थोडा ढकलून स्लो टिकवतो. एसी बंद असताना त्याच्या दांड्यात आणि लिव्हरमध्ये कागद सरकेल एवढी फट हवी. एसीवर स्लो १००० ते १०५० पुरे, बहुतेकदा तो १३०० वर ठेवलेला असतो. त्याच्याच शेजारी चोकची केबलही बघा. नॉब पूर्ण आत असताना चोकची पट्टी उभी आणि केबलला किंचित ढिलाई. एक्सिलरेटर केबलचंही तसंच.

एवढं करूनही हिसका राहिला तरच कार्बन. तेव्हाही हेड नाही. गरम इंजिनाचे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये २०-३० मिली डिकार्ब द्रावण टाका, पिस्टन साधारण मधोमध येतील असा क्रँक ठेवा, रात्रभर राहू द्या. सकाळी प्लग बाहेर ठेवूनच आणि कॉइलची वायर काढून सेल्फ मारा, सगळं द्रावण भोकांतून उडून जाईपर्यंत. भोकांवर जुनं कापड धरा, आणि बेसमेंट पार्किंगमध्ये हे करू नका, मोकळ्या जागेत करा. द्रावण आत राहिलं आणि प्लग बसवून सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. नंतर इंजिन ऑइल लगेच बदला, कारण थोडं द्रावण रिंगांमधून खाली उतरतंच.


खाडीवारा, वाशी

उन्हात चालू न होणं हा वेगळा त्रास आहे, डिझेलिंग नव्हे. बंद केल्यावर बॉनेटखालची उष्णता वर चढते, फ्लोट चेंबरमधलं (कार्ब्युरेटरच्या आतल्या छोट्या टाकीतलं) पेट्रोल उकळून नोझलमधून मॅनिफोल्डमध्ये गळतं. बंद केल्यावर एअर फिल्टर काढून टॉर्चने घशात बघा, नोझलच्या टोकावरून थेंब पडताना दिसतील. बेकेलाइट पॅकिंग मूळ जाडीची आहे का बघा. ती चिरली म्हणून पातळ कागदी पॅकिंग बसवलेली अनेक गाड्यांत सापडते. फ्लोटची नीडलही तपासा, कोनावर गोल रेघ पडली असेल तर नीडल आणि सीट दोन्ही बदला, फक्त नीडल नाही. तोवर अशा वेळी एक्सिलरेटर अर्धा दाबून धरा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा. हवा जास्त गेली की साचलेलं पेट्रोल निघून जातं.

आणि एक करा. मिक्श्चर स्क्रू, थ्रॉटल स्क्रू आणि डेल्कोच्या बोल्टवर नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्या, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा अंगावर. तुम्ही दिलेले आकडे एका कार्डावर लिहून, लॅमिनेट करून बॉनेटच्या आत चिकटवा, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहा: ‘सोलेनॉइडची सुई कापू नये, आधी वायरवर व्होल्टेज बघावं.’ पुढच्या सर्व्हिसिंगला ठिपका तुटलेला दिसला, की कुठे हात लागलाय ते लगेच कळेल.